‘कळसूबाईपेक्षा बुटके’ डोंगर आणि हिवाळ्यातली एकट्याची वाट

थंडी पडायला लागली की इथल्या, स्कॉटलंडमधल्या, मराठी ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर हमखास फिरतो. बेन नेव्हिस, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, अवघा १३४५ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. ज्यानं कळसूबाई केलं त्याला स्कॉटलंडचे हायलँड्स म्हणजे सकाळचा फेरफटका. डिसेंबरातही एकट्यानं बिनधास्त जा, फोनमध्ये नकाशा आहेच, आणि काही झालंच तर हेलिकॉप्टर फुकट येतं. मी हिवाळ्यात या डोंगरांत एकटीच जाते, आणि हा मजकूर दिसला की पोटात गोळा येतो.

उंचीचे आकडे बरोबर आहेत, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकतो. कळसूबाईला आपण बारी गावातून चढायला लागतो आणि ते गावच समुद्रसपाटीपासून कितीतरी वर आहे. बेन नेव्हिसची वाट पायथ्याच्या ग्लेन नेव्हिस दरीतून, जवळजवळ समुद्राच्या पातळीवरून निघते, त्यामुळे १३०० मीटरचा चढ सगळा आपल्याच पायांवर. त्याहून मोठा फरक अक्षांशाचा. कळसूबाई साडेएकोणीस अंशांवर, हे डोंगर ५७च्या आसपास. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ वेधशाळा होती. तिच्या नोंदींत अख्ख्या वर्षाचं सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली निघालं.

आणि वारा! १२४५ मीटरच्या केर्न गॉर्मवर २० मार्च १९८६ रोजी ताशी सुमारे २७८ किलोमीटरचा झोत मोजला गेला. तो दिवस अपवादाचा होता, पण ताशी ६० किलोमीटरचा वारा हिवाळ्यात नेहमीचाच. शून्य अंशाला असा वारा असला की उघड्या कातडीला उणे ९ची थंडी लागते.

ग्लेनमोरजवळ म्यॉल अ व्हूअखिल्य नावाचा ८१० मीटरचा डोंगर आहे. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत गुराख्याची टेकडी. एका जानेवारीत खालच्या रायव्होन बॉथीत, म्हणजे दगडी आसऱ्याच्या खोपटात, मी आरामात चहा घेतला आणि वर निघाले. माथ्यावर सॅकमधून जाड जाकीट काढायला एक हातमोजा उतरवला. सॅकचं बक्कल दाबायचं, एवढंच काम. पहिल्यांदा निसटलं, दुसऱ्यांदाही. मग लक्षात आलं की अंगठा दाबतोय की नाही हेच कळत नाहीये. शेवटी दातांनी बक्कल सोडवलं, दगडांच्या आडोशाला बसून हात काखेत धरला आणि वेदना परत येईपर्यंत थांबले. सोबत कोणी असतं तर त्यानं दोन सेकंदांत बक्कल काढून दिलं असतं. तेव्हापासून जास्तीचे हातमोजे सॅकच्या वरच्या खणात असतात आणि जाकीट वारा लागायच्या आधीच, बॉथीतच अंगावर चढतं.

‘फोनमध्ये नकाशा आहेच’ या वाक्याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. थंडीत बॅटरी बघता बघता बसते, ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. बेन नेव्हिसच्या माथ्यावर ढग आणि बर्फ एक झाले की पायाखालची जमीन कुठे संपते ते दिसत नाही, आणि उत्तरेच्या कड्यावर बर्फाचे छज्जे पुढे आलेले असतात. म्हणून इथले लोक उतरायच्या दिशेचे अंश पाठच करतात: शिखरावरच्या सर्वेक्षण खांबापासून नकाशाच्या २३१ अंशांवर १५० मीटर, मग २८२ अंशांवर. एका बाजूला गार्डीलू घळ, दुसरीकडे फाइव्ह फिंगर घळ. यातली पावलं हातात होकायंत्र धरून मोजायची असतात.

वेळेचं गणित त्या मजकुरात नाहीच. डिसेंबरअखेर या डोंगरांजवळच्या एव्हिमोर गावात सूर्य नऊच्या जरा आधी उगवतो आणि साडेतीनच्या सुमारास मावळतो. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथनं १८९२ साली घालून दिलेला हिशेब अजून चालतो: ताशी पाच किलोमीटर, आणि दर १०० मीटर चढाला दहा मिनिटं जास्त. गुडघाभर बर्फात मी तो दुप्पट धरते. हेडटॉर्च दोन घेते.

क्रॅम्पॉनबद्दल, म्हणजे बुटांखाली बांधायच्या काट्यांबद्दल, थोडक्यात: गोठलेल्या उतारावर ते आणि आइस-ॲक्स लागतातच, आणि ते वापरायला आधी शिकावं लागतं. हिमस्खलनाचा अंदाज हंगामात स्कॉटलंडच्या सहा भागांसाठी रोज निघतो. तो आदल्या संध्याकाळी वाचायचा.

राहिलं हेलिकॉप्टर. मदत फुकट मिळते हे खरं. पण दाट ढगात, वादळी वाऱ्यात हेलिकॉप्टर जवळ येऊ शकत नाही. मग बचाव पथकं चालत येतात, आणि त्यातली बहुतेक माणसं आपापली नोकरी सांभाळणारे स्वयंसेवक असतात. नोव्हेंबर १९७१मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर शाळकरी गट वादळात सापडला. पाच विद्यार्थी आणि एक शिकाऊ प्रशिक्षक गारठून दगावले. ते एकटे नव्हते, आणि ते परतले नाहीत म्हणून शोध घेणारं कोणीतरी होतं. एकट्याचा पाय मुरगळला आणि फोनला रेंज नसली, तर पोलिसांना कळवणार कोण?

म्हणून निघायच्या आदल्या रात्री मी शेजारच्या आजींच्या दारातून एक कागद आत सरकवते: गाडी कुठे लावणार, कोणत्या वाटेनं चढणार, कुठून उतरणार, आणि संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर ९९९ला लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. खाली पोचल्यावर बूट काढायच्या आधी मी त्यांना फोन करते. त्या पहिल्या घंटीलाच उचलतात.