सिल्व्हिया फाइनला एवढी एकच ओळ?

अमेरिकन विनोदी अभिनेता-गायक डॅनी केवरचा हा लेख मनापासून आवडला, पण ‘पत्नी सिल्व्हिया हिनेही काही गाणी लिहिली’ एवढ्यावर विषय संपवलात, याचं फार वाईट वाटलं. अहो, त्याच्या खास अशा कितीतरी विनोदी गाण्यांचे शब्द आणि चाल दोन्ही तिचंच!

१९३९च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियातल्या टॅमिमेंट या सुट्टीच्या कॅम्पात दोघं एकत्र काम करत होती. १९४० मध्ये लग्न झालं आणि दुसऱ्याच वर्षी ‘मेलडी इन फोर-एफ’ हे गाणं रंगमंचावर आलं (फोर-एफ म्हणजे सैन्यासाठी अपात्र). हे तिने दिग्दर्शक मॅक्स लीबमनसोबत लिहिलं. सैन्यभरतीचं बोलावणं आलेल्या तरुणाची अख्खी गोष्ट, आणि तीही जवळजवळ सगळी निरर्थक अक्षरांत! मधेच एखादा ओळखीचा शब्द येतो, तेवढ्या आधारावर आपल्याला सगळं कळतं. मी हेडफोन लावून हे गाणं तीन-चारदा ऐकलं. तो श्वास कुठे घेतो तेच शोधत होते. इतक्या वेगात एक अक्षर जड झालं तरी जीभ अडखळेल. कुठलं अक्षर त्याच्या तोंडी बसेल, हे तिला नेमकं माहीत होतं.

डॅनीला नोटेशन वाचता येत नसे. पियानोवर बसणारी, चाल बांधणारी तीच.

तिला ऑस्करची दोन नामांकनं होती, हेही लेखात यायला हवं होतं. कृपया तिच्यावर स्वतंत्र लेख लिहा, मी वाट बघतेय.