गाळ काढा, पण तो येतो कुठून?

जर्मनीत हॅम्बुर्गला आल्यापासून एल्बे नदीच्या काठी फिरताना गाळ उपसणारा ड्रेजर दिसला नाही असा महिना मला आठवत नाही. कोकणातल्या खाड्यांच्या बातम्या वाचताना मागणी तीच दिसते: मुख गाळाने भरलंय, ड्रेजर पाठवा. होड्या भरतीची वाट बघत बाहेर खोळंबतात, म्हणून ती मागणी रास्तच आहे. पण गाळ येतो कुठून, हे तिथे फारसं कुणी विचारत नाही.

इथे तो प्रश्न महागात पडला. समुद्रापासून शंभरएक किलोमीटर आतल्या या बंदरासाठी एल्बे नवव्यांदा खोल केली. 2019 मध्ये काम सुरू झालं, जानेवारी 2022 मध्ये नवी खोली जहाजांना पूर्ण खुली झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गाळामुळे ड्राफ्टची, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बुडालेलं चालेल त्याची, मर्यादा जास्तीत जास्त मीटरभराने कमी करावी लागली.

पात्र खोल झालं की भरतीला तळाचा अडसर कमी होतो. ती कमी वेळात, जोराने आत घुसते. ओहोटी रेंगाळत उतरते. भरतीने वर आणलेला बारीक गाळ ओहोटीला पुरता परत नेववत नाही. वरून येणारं गोड पाणी आटलं की साचणं आणखी वाढतं. शतकापूर्वी हॅम्बुर्गला भरती-ओहोटीतला फरक सुमारे 2 मीटर होता, आज साडेतीनहून जास्त आहे. उपसलेला गाळ जवळच टाकला तर भरती तोच पुन्हा आणून देते. शेजारची एम्स नदी तर मोठी क्रूझ जहाजं समुद्रात न्यायला खोल केली. आता तिच्या तळाशी पातळ चिखल हलत असतो आणि उन्हाळ्यात माशांना प्राणवायू पुरत नाही.

आपल्याकडेही हा धडा आहे. गंगेचं पाणी वळवून हुगळीतला गाळ वाहून जावा म्हणून 1975 मध्ये फराक्का धरण सुरू झालं, तरी हल्दिया बंदराच्या मार्गात ड्रेजिंग थांबलेलं नाही.

एल्बेचे आकडे कोकणाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पावसाळ्यात सह्याद्रीतून येणारा लोंढा इथे नाही. पण एक दुखणं सारखं आहे. 1962 च्या पुरानंतर इथे बांध नदीजवळ सरकले, बाजूचे फाटे बंद झाले. आपण भरतीचं खारं पाणी अडवायला खारभूमीचे बांध घातले. त्यांनी भातशेती राखली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खाडीत आत-बाहेर करणारं पाणी घटलं की मुख धुऊन निघत नाही. हॅम्बुर्गने आता शहरातल्या क्रेटझांड इथे सुमारे 30 हेक्टर जागा भरतीला परत दिली. नदीच्या मानाने ती चिमूटभर आहे, तरी दिशा मला पटते.

म्हणून ड्रेजिंगच्या निविदेआधी उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती) आणि पावसाळा धरून वर्षभर मोजणी व्हावी, गाळ कुठे टाकणार ते लेखी असावं. आणि जे खारबांध आधीच फुटून आत कांदळवन उभं राहिलंय, ते पुन्हा बांधण्याआधी तिथल्या शेतकऱ्यांना भरपाई देऊन ती जमीन भरतीकडे ठेवता येते का, हे त्यांच्यासोबत बसून ठरवावं.