रेफर करण्याआधी एक फोन

आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातला. तिथलं ग्रामीण रुग्णालय तीस खाटांचं आहे आणि ते शंभर खाटांचं उपजिल्हा रुग्णालय व्हावं, ही मागणी सध्या जोरात आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, श्रेणीवर्धन झाल्याशिवाय काही खरं नाही. दुसरा म्हणतो, आहे त्या तीस खाटांनाच डॉक्टर पुरत नाहीत, शंभर करून काय दिवे लावणार? मधूनच कोणीतरी मला ओढतं, "भाऊ, तुमच्या अमेरिकेत कसं असते?" त्यात थोडा टोमणा असतोच. पण प्रश्न विचारलाच आहे, तर उत्तर देतो.

मी नेब्रास्कात राहतो. चारी बाजूंनी मक्याची शेतं आणि मध्ये आमचं गाव. गावातलं हॉस्पिटल पंचवीस खाटांचं आहे, आणि त्याहून मोठं होण्याची त्याला मुभाच नाही. 1997 च्या कायद्याने अशा आडगावच्या हॉस्पिटलांना 'क्रिटिकल अ‍ॅक्सेस' असा वेगळा दर्जा दिला. त्याच्या आजच्या अटी अशा: खाटा जास्तीत जास्त 25, इमर्जन्सी चोवीस तास उघडी, आणि पेशंटचा सरासरी मुक्काम 96 तासांच्या आत. त्या बदल्यात सरकारी विम्याकडून खर्चाच्या हिशेबाने पैसे मिळतात. एकट्या नेब्रास्कात अशी साठाहून जास्त हॉस्पिटलं आहेत. आमच्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टी होत नाही, मेंदूचा सर्जन नाही. हार्ट अटॅक, लकवा, मोठा अपघात, सगळे ओमाहाला नाहीतर लिंकनला जातात. म्हणजे इथलं हॉस्पिटलही आपल्यासारखं रेफरच करतं, फक्त रेफर करण्याची पद्धत वेगळी आहे. माझं सगळं म्हणणं त्या पद्धतीबद्दल आहे.

आमच्या मोठेबाबांना लकवा मारला तेव्हाची गोष्ट. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. बीपी पाहिला, सलाइन लावली आणि हातात चिठ्ठी दिली: 'रेफर टू हायर सेंटर'. कोणतं सेंटर, ते लिहिलं नव्हतं. माझा चुलतभाऊ ती चिठ्ठी घेऊन पोर्चमध्ये उभा राहून फोन लावत होता. कोणी म्हणे यवतमाळले ने, कोणी म्हणे सावंगीले, सेवाग्रामले. साळ्याचा फोन आला, "कायले टाइम घालवता, सिद्दे नागपूरले काढा." अखेर एका ठिकाणी नेलं. तिथून दुसरी चिठ्ठी मिळाली. नागपुरात पोचले तेव्हा कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, "काय झालं?" आणि सगळी कथा अ पासून सुरू. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ते तास रस्त्यात कमी आणि 'कुठे न्यायचं' या चर्चेत जास्त गेले. मोठेबाबा वाचले, पण उजवा हात कामातून गेला.

इथे आमच्या प्लांटवरच्या एका सहकाऱ्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा मीच त्याला गाडीत घालून नेलं होतं. ईसीजी झाला आणि डॉक्टर फोनवर ओमाहाच्या डॉक्टरशी बोलू लागले. नर्सच्या हातात एक फॉर्म होता. आजाराचं नाव. इथे काय उपचार दिले. पाठवण्यातला धोका काय, न पाठवण्यातला काय. घेणाऱ्या हॉस्पिटलचं नाव. तिथे खाट आहे का. पेशंट स्वीकारणाऱ्या डॉक्टरचं नाव, आणि त्यांनी होकार दिला ती वेळ. सोबत कोणते कागद जात आहेत. तिने ते सगळं त्याला वाचून दाखवलं, सही घेतली आणि ईसीजी फॅक्स केला. (हो, फॅक्स. चंद्रावर जाऊन आलेल्या देशात दवाखाने अजून फॅक्सवर चालतात.) होकार देणाऱ्या डॉक्टरच्या नावाची जागा भरेपर्यंत स्ट्रेचर हललं नाही. आणि ती भरायला फार वेळही लागला नाही.

यात अमेरिकन माणसाच्या चांगुलपणाचा काही संबंध नाही. चाळीस वर्षांपूर्वी इथली खासगी हॉस्पिटलं विमा नसलेल्या पेशंटला गाडीत घालून सरकारी हॉस्पिटलच्या दारात सोडून यायची. शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये असे पेशंट इतके आले की तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा अभ्यास करून 1986 मध्ये छापला. बहुतेकांना पाठवण्याचं कारण एकच होतं, विमा नाही. त्याच वर्षी कायदा झाला. इमर्जन्सीत आलेल्याला आधी तपासा, जमेल तेवढं स्थिर करा, आणि पाठवायचंच असेल तर समोरच्या हॉस्पिटलने जागा आहे, घेतो, असं कबूल केल्याशिवाय पाठवू नका. कागद सोबत द्या. ज्याच्याकडे सोय आणि जागा आहे, त्याने नाही म्हणू नये. मोडलं तर हजारो डॉलरचा दंड, आणि सरकारी विम्याचा करार जाण्याची भीती. त्या भीतीने तो फॉर्म भरला जातो.

बाकी इथलं सगळं उचलून आणावं असं अजिबात नाही. त्या सहकाऱ्याची तब्येत महिन्यात सुधारली, बिलं मात्र वर्षभर येत राहिली. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्धचा कायदा 2022 पासून लागू आहे, पण रस्त्यावरची साधी अ‍ॅम्ब्युलन्स त्यातून वगळली आहे. ना-नफा हॉस्पिटलांना गरजूंसाठी बिलमाफीचं धोरण ठेवावंच लागतं, त्याचा फॉर्मही असतो, पण तो मागायचा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. 2010 पासून शंभराहून जास्त ग्रामीण हॉस्पिटलं बंद पडली किंवा त्यांनी पेशंट भरती करणं सोडलं. निम्म्याहून जास्त ग्रामीण हॉस्पिटलांत आज बाळंतपण होत नाही. आपल्याकडे आशाताई दारात येते, गरोदर बाईला नेण्या-आणण्याची गाडी फुकट आहे, तालुक्याला बाळंतपण होतं. इथल्या शेतकऱ्याच्या सुनेला हे सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

मग आपल्याकडे तो एक फोन का होत नाही? माझ्या मते, तो कोणाच्याच कामात धरलेला नाही म्हणून. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. ग्रामीण रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. पेशंट एका रात्रीत तीन खाती ओलांडतो आणि प्रत्येक हद्दीवर त्याचा नातेवाईकच पोस्टमन असतो. 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले तेही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. मेडिकल कॉलेजांचं खातं वेगळं, म्हणून ती त्यात नव्हती. 2024 मध्ये अमरावती, भंडारा, गडचिरोली, बुलढाणा आणि वाशीमला सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. चांगलंच झालं. पण तालुक्यातून निघालेल्या गाडीला तिथे कोण वाट पाहतंय हे ठाऊक नसेल, तर कॉलेज म्हणजे आणखी एक हायर सेंटर. सिरोंच्याच्या पेशंटला तर गडचिरोलीपेक्षा तेलंगण जवळचं, त्याच्यासाठी फोन राज्याबाहेर लागला पाहिजे.

साधनं नाहीत असंही नाही. 108 ची सेवा 2014 पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, कंट्रोल रूम पुण्यात चोवीस तास जागी असते. जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र मोठ्या रुग्णालयांच्या टेबलावर बसून कार्ड तपासतात. तोच माणूस पाठवणाऱ्या टोकाला बसवला आणि रात्रीच्या ड्युटीला त्याच्या हातात पाच रुग्णालयांचे नंबर दिले, तर पोर्चमधल्या चुलतभावाचं काम सरकार करेल.

ही कल्पना माझी नाही, अमेरिकेचीही नाही. पश्चिम बंगालमधले शेतमजूर हकीम शेख 1992 मध्ये रेल्वेतून पडून डोक्याला मार लागला म्हणून एकामागून एक सरकारी रुग्णालयं फिरले. कुठेच जागा मिळाली नाही, शेवटी खासगीत भरती व्हावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन ठरवलं. खाट कुठे रिकामी आहे हे कळावं आणि पेशंटला थेट तिथेच पाठवता यावं म्हणून मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, हेही निकालात सांगितलं. आपल्याकडे श्रेणीवर्धनासाठी मोर्चे निघतात. या निकालासाठी निघाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

डॉक्टर नाहीत, हे दुसऱ्या तटाचं म्हणणं खरंच आहे. त्यातले काही इथे आहेत! शिकायला आलेल्या परदेशी डॉक्टरने डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं, तर मायदेशी परतण्याची अट माफ होते. दर राज्याला वर्षाला अशा तीस जागा मिळतात. आपल्याकडे डॉक्टर झाल्यावर सरकारी सेवेचा बाँड एक वर्षाचा, तोही दंड भरून चुकवणारे होतेच. पलीकडे आमिष ग्रीन कार्डचं आहे, ते महाराष्ट्र सरकार कुठून देणार? म्हणून मी त्या वादात पडत नाही. सर्जन येईपर्यंत दहा वर्षं जातील. फोन करायला सर्जन लागत नाही.

ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. ग्रुपवरच्या मंडळींपैकी दोघे-तिघे तिच्या बैठकीला जातात. त्यांनी पुढच्या खेपेला शंभर खाटांचा ठराव मांडावा, जरूर मांडावा, पण आधी रेफरचं रजिस्टर टेबलावर मागावं. गेल्या महिन्यात किती पेशंट पाठवले, नेमके कुठे, आणि त्यातल्या कितींच्या नावापुढे तिकडून 'पाठवा' म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव आहे. तसा रकानाच नसेल, तर त्याच बैठकीत पट्टी घेऊन तो आखून घ्यावा.