सौर प्रकल्प सर्वानुमते कसा बुडवावा

गच्चीवर सोलर बसवू या, असं सोसायटीत कधी ना कधी कुणीतरी म्हणतंच. लगेच विरोधाला उभे राहू नका. विरोध करणाऱ्याचं नाव इतिवृत्तात जातं. शहाणा सभासद ठरावाला अनुमोदन देतो आणि मग निवांतपणे कामाला लागतो. पुण्यात १० किलोवॅटचा प्रकल्प वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४० युनिट वीज देतो. वीज कंपनीच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला १० टन धूर कमी. इतकी मोठी बचत रोखायची म्हणजे सुरुवातीपासूनच जातीने लक्ष घालायला हवं.

सर्वांत आधी, जिन्यातल्या दिव्यांना हात लावू देऊ नका. जिन्यात आणि पार्किंगमध्ये मिळून चोकवाल्या ४० जुन्या ट्यूब असतील, चोकसकट प्रत्येकी ५० वॅट, आणि रात्रंदिवस चालू, तर त्या दिवसाला ४८ युनिट खातात. म्हणजे अख्खा सौर प्रकल्प एकट्या जिन्याला पुरत नाही. त्या जागी २० वॅटचे एलईडी लावून ते फक्त रात्रीचे १२ तास चालवले तर ९.६ युनिटांत भागतं. हे गणित कुणी फळ्यावर मांडायला लागला, की चहा मागवा.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, तेव्हा ती तीस तारखेच्या आसपासच होते. तिथे तळमजल्यावरच्या एखाद्या काकांना बोलतं करा. “आम्ही लिफ्ट वापरत नाही, मग लिफ्टच्या विजेसाठी वर्गणी का द्यायची?” एवढ्यावर दीड तास जातो. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये, म्हणजे १० किलोवॅटला १ लाख ८० हजार अनुदान आहे, असं कुणी म्हणालंच तर तीन कोटेशनं मागवून सर्वांत स्वस्त निवडा. या अनुदानासाठी पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. स्वस्त कोटेशनमध्ये ते बहुधा नसतात, त्यामुळे अनुदानाचा प्रश्न परस्पर मिटतो. सातारा जिल्ह्यातल्या मान्याचीवाडीचं नाव निघेल. ते गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. उत्तर तयार ठेवा: “ते खेडं आहे हो, तिथे राजकारण नसतं.” ज्याने खेडं पाहिलेलं नाही, त्याला हे पटतं.

जागेची पाहणी मेच्या मध्यावर, भर दुपारी करून घ्या. पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि टाकीची सावली टाकीच्या पायाशीच मरते. अख्खी गच्ची मोकळी दिसते. तीच ३ मीटर उंचीची टाकी २२ डिसेंबरला भर दुपारी उत्तरेकडे पावणेतीन मीटर सावली टाकते आणि सकाळी नऊला त्याच्या अडीचपट, पण तेव्हा पाहणीला कोण येतंय? ५५० वॅटची १८ पॅनेलं टाकीला खेटून, एकाच माळेत जोडून घ्या. माळेतल्या एकावर सावली पडली की त्याचा करंट घसरतो आणि बाकीच्यांनाही त्याच्याच चालीने चालावं लागतं. पॅनेलमधला बायपास डायोड सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेतो आणि थोडं सावरून घेतो, तेवढं चालवून घ्या. पॅनेलांचा उतार दक्षिणेकडे १५ ते २० अंश असावा असं जाणकार म्हणतात. सोसायटीचं फाटक पश्चिमेला असेल तर तिकडेच तोंड करावं, निदान येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील तरी.

स्टँडसाठी स्लॅबला सरळ भोकं पाडा. सिमेंटचे जड ठोकळे नुसते ठेवून त्यांच्यावर स्टँड बसवला तर वॉटरप्रूफिंग शाबूत राहतं आणि वरच्या मजल्यावरच्यांना पावसाळ्यात बोलायला विषयच उरत नाही. जाड जस्त चढवलेल्या लोखंडाऐवजी रंग दिलेलं लोखंड घ्या. अर्थिंगचे तीन वेगळे खड्डे घ्यायचे असतात: एक पॅनेलांच्या बाजूचा, एक पॅनेलांची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या इन्व्हर्टरच्या पुढचा, एक आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकाचा. एकात तिन्ही भागवणारा ठेकेदार नक्की भेटेल. जोडणीचे कनेक्टर एका टोकाला एका कंपनीचे, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या कंपनीचे लावा. दिसायला घट्ट बसतात, आतून तापत राहतात आणि कधीतरी वितळतात. इन्व्हर्टर मात्र उन्हातच हवा. तापला की तो आपणहून निर्मिती कमी करतो, वेगळं काही करावं लागत नाही.

आता खरी मौज मीटरची. सोलरचा अर्ज वीज कंपनीकडे जातो. हे चालू असताना उद्घाटनाचा मुहूर्त टळू देऊ नका. आलेली आणि परत गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर येण्याआधीच बटण दाबा. बरेच जुने इलेक्ट्रॉनिक मीटर उलटी जाणारी वीजही आलेली वीज म्हणूनच मोजतात. पहिलं बिल वाढून आलं, की ते सूचनाफलकावर लावा. सोसायटीत यापेक्षा परिणामकारक प्रचार होत नाही.

पुढची मदत कबुतरं करतात. पॅनेलांच्या खाली जाळी लावू नका. धुण्याचं काम वॉचमनला द्या, दुपारी दोनला, बोअरच्या पाण्याने. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकू शकते आणि जड पाण्याचा पांढरा थर हळूहळू चढत जातो. मधल्या पॅनेलपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो वर उभा राहिला तर सेलना बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसतही नाहीत. इन्व्हर्टरच्या ॲपचा पासवर्ड सेक्रेटरींच्या भाच्याकडे असू द्या. तो बाहेरगावी शिकायला गेला की एखादा फ्यूज उडून निर्मिती तीन-तीन महिने बंद असली तरी कुणाला पत्ता लागत नाही.

एक दिवस दुपारी लाइट जाईल आणि सोलरही बंद पडेल. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिडबरोबरच थांबतो. ते त्याचं कर्तव्यच आहे, पण हे कुणाला आधी सांगून ठेवू नका. लिफ्टमध्ये अडकलेल्या सभासदाला त्याच वेळी कळू दे.

राहिला गच्चीचा प्रश्न. वाळवणाची जागा गेली म्हणून बायकामंडळी नाराज असतील. त्यांना सांगा, १८ पॅनेलं म्हणजे ५०० चौरस फूट तापलेली काच आहे, उताराची, दिवसभर उन्हात. कुरडया, पापड, साबुदाण्याच्या चकल्या, सगळं मावतं. फक्त सांडगे काचेला चिकटतात, तेवढं खाली जुनं धोतर अंथरा.