ब्रिजमध्ये प्रतिष्ठेने हरू इच्छिणाऱ्यांसाठी

ब्रिज हा जोडीजोडीने खेळायचा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या सज्जनांनी एस. जे. सायमन या लेखकापासून चार हात दूर राहावे, असा माझा कळकळीचा सल्ला आहे. हा गृहस्थ मूळचा स्किडेल्स्की. १९०४ साली मांचुरियातील हार्बिन येथे जन्मला, लंडनला स्थायिक झाला आणि तेथे त्याने दोन उद्योग एकाच वेळी मांडले. कॅरिल ब्राह्म्स या बॅलेसमीक्षक बाईंबरोबर विनोदी कादंबऱ्या लिहायच्या आणि उरलेल्या वेळात पत्त्यांच्या टेबलावर भल्याभल्यांना धूळ चारायची. १९४८ साली तो वारला. परंतु त्याआधी, १९४५ साली, त्याने ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’ हे पुस्तक लिहून ठेवले आणि तेव्हापासून सभ्य माणसाला सुखाने हरणे कठीण झाले.

आपण का हरतो हे आजवर आपल्याला पक्के ठाऊक होते. पाने वाईट येतात आणि भिडू त्याहून वाईट येतो. सायमन मात्र दोन निराळीच कारणे सांगतो: एक, कौशल्य तोकडे, आणि दुसरे, चाल हरणाऱ्याची. त्यातही कौशल्य वाढवण्याच्या फंदात तो पडतच नाही. आपण जसे खेळता तसेच खेळा, फक्त हातातले गुण उगाच फेकून देऊ नका, एवढेच त्याचे मागणे आहे. इतके माफक मागणे स्वाभिमानी खेळाडूने कदापि मान्य करू नये.

उदाहरणार्थ, प्रतिपक्षाने दोन इस्पिकची बोली केली आहे (म्हणजे इस्पिक हुकूम धरून तेरांपैकी आठ हात करू, असे सांगितले आहे), तो डाव बुडणार हे आपल्याला पानांवरून स्पष्ट दिसते आहे, आणि त्या बोलीला आव्हान देऊन डावाचे गुण वाढवणारा ‘डबल’ हा शब्द ओठांवर आला आहे. तो गिळावा. डबल केले आणि त्यांनी आठ हात केलेच, तर रबर ब्रिजच्या, म्हणजे दोन गेम आधी करील तो जिंकला अशा खेळाच्या, हिशेबात साठाचे एकशेवीस गुण होऊन त्यांचा शंभर गुणांचा गेम आपल्या कृपेने पुरा होईल, आणि मग भिडू आपल्याकडे कसा पाहील याची कल्पना करावी. त्यापेक्षा शांतपणे ‘पास’ म्हणावे. प्रतिपक्ष नावावर एकही गेम नसताना दोन हातांनी बुडाला, तर डबलच्या तीनशेऐवजी शंभर गुण मिळतील. पण उरलेल्या दोनशेंचा जाब टेबलावर कोणी विचारत नाही. दिसत नाही ते नुकसानच नव्हे, हे तत्त्व अंगी बाणले की संध्याकाळ प्रसन्न जाते. सायमन मात्र नेमके हेच न दिसणारे गुण मोजत बसतो. असल्या हिशेबी माणसाला विनोदी लेखक कोणी म्हटले, कोण जाणे.

पुस्तक हाती पडलेच, तर ते वाचण्याची योग्य रीत समजून घ्यावी. त्यात चार खेळाडू आहेत: घाबरत घाबरत चुका करणाऱ्या मिसेस गुगेनहाइम, स्वतःवर निहायत खूश असलेले मिस्टर स्मग, वाचलेली विद्या भलत्या वेळी पाजळणारा फ्यूटाइल विली आणि टेबलावरचा सर्वांत जाणकार असूनही हरणारा ‘अनलकी एक्स्पर्ट’. या चौघांत आपला भिडू, प्रतिपक्ष आणि शेजारच्या टेबलावरील मंडळी शोधावीत. स्वतःला शोधू नये. शोधल्याशिवाय चैनच पडणार नसेल, तर आपण अनलकी एक्स्पर्ट आहोत असे समजावे, कारण त्या नावात निदान दैवाला दोष आहे. तो हरतो ते मात्र मिसेस गुगेनहाइम समोर बसलेल्या असताना आपल्यासमोर आपणच बसलो आहोत अशा थाटात बोली करतो म्हणून. समोर बसलेल्या भिडूकडून जे शक्य आहे तेवढेच साधावे, हे सायमनचे म्हणणे व्यवहारात खरे असेलही. पण मग आपल्या बुद्धीचे प्रदर्शन करायचे कोठे?

बोलीची पद्धत निवडतानाही अशीच दक्षता घ्यावी. १९३० च्या दशकात उत्तर लंडनमधील ॲकॉल रोडवरच्या एका क्लबात जॅक मार्क्स, मॉरिस हॅरिसन-ग्रे, पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झालेले आयन मॅक्लिऑड आणि हा सायमन अशा मंडळींनी जी पद्धत घडवली, ती त्या रस्त्याच्याच नावाने ब्रिटनभर पसरली. तिचा कल असा की, जेथे डाव होईल असे वाटते तेथे फार आडवळणे न घेता पोहोचावे. यात गूढ म्हणून काही नाही. आपण त्याऐवजी अशी पद्धत निवडावी, जिच्यातले संकेत आपल्याला पाठ असतील आणि भिडूला ऐन वेळी आठवणार नाहीत. म्हणजे अपयशाची जबाबदारी आधीच वाटून झालेली असते.

कादंबरीकाराला पत्त्यांत शिरू देण्याचा धोका हा की, तो हातातली पाने सोडून पाने धरणाऱ्याकडे पाहतो. ब्राह्म्सबाईंबरोबर लिहिलेल्या ‘नो बेड फॉर बेकन’ (१९४१) या कादंबरीत त्याने साक्षात शेक्सपिअरला आपल्या नावाचे नेमके स्पेलिंग कोणते याचा निकाल न लागल्यामुळे सह्या गिरवत बसवले आहे, आणि फ्रान्सिस बेकनसारख्या तत्त्ववेत्त्याला राणी एलिझाबेथ निजलेल्या पलंगाचा ध्यास लावला आहे. शिवाय हे पुस्तक मुळातच बिनबुडाचे आहे, अशी सूचना पंडितांना आरंभीच देऊन ठेवली आहे. ज्याने शेक्सपिअरला सोडले नाही, तो दोन इस्पिकवर ‘पास’ म्हणणाऱ्या आपल्याला सोडील ही आशा व्यर्थ आहे.

तेव्हा पुस्तक कपाटात वरच्या फळीवर ठेवून आपण नेहमीप्रमाणे खेळायला बसावे. समोर मिसेस गुगेनहाइम असतील तर एखादी अतिशय सूक्ष्म, ग्रंथात शोभेल अशी बोली करावी. त्या गोंधळतील, चुकीच्या ठिकाणी पास म्हणतील आणि हाती आलेला स्लॅम, म्हणजे बारा-तेरा हातांचा मोठा डाव, जाईल. मग पाने खाली ठेवून, आवाज न चढवता, आपल्या बोलीचा खरा अर्थ काय होता हे त्यांना सविस्तर समजावून सांगावे. त्या क्षमा मागतील. ती मोठ्या मनाने करावी, आणि पुढच्या डावात तीच बोली पुन्हा करावी.