बॅटरी मेली, हे ठरवलं कोणी?

मृग जवळ आला की तो मेसेज येतोच. यंदा शेतीच्या गटावर आला, शाळेच्या जुन्या मित्रांच्या गटावर आला, आणि साडूनं मला वेगळा पाठवला, खाली ‘कामाची माहिती’ असं लिहून. मजकूर थोडक्यात असा: मीटरवर 12 व्होल्ट दिसले की बॅटरी चांगली. मीटर नसेल तर दोन्ही टर्मिनलला पाना टेकवा, मोठी ठिणगी पडली म्हणजे बॅटरीत दम आहे. चार्जिंग होतं का ते पाहायला चालू इंजिनवर मायनसची वायर काढा. बॅटरी मेली असेल तर प्रत्येक खान्यात चमचाभर मॅग्नेशियम सल्फेट घाला, थोडं ॲसिड घाला, पाणी आरओचं चालतं. आणि बॅटरी फरशीवर ठेवू नका, फरशी करंट ओढून घेते.

मी तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचं वायरिंग, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर), अल्टरनेटर (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) ही कामं करतो. शिवाय जवळच्या एका कॉलेजच्या मैदानावरची गवत कापायची गाडी माझ्याकडे असते. बसून चालवायची, मोठी, रोज तासन्‌तास चालणारी. पाऊस पडून गवत वाढलं की तिचा हंगाम, दिवाळीनंतर ती टिनाच्या शेडमध्ये जाते ती थेट जूनपर्यंत. थंड देशांत या गाड्या हिवाळाभर झोपतात. आपल्याकडे ती मार्च, एप्रिल, मे तापलेल्या टिनाखाली काढते. बॅटरी तिथेच संपते, आणि जूनमध्ये चावी फिरवली की सगळ्यांना एकदम तो मेसेज आठवतो.

आधी त्या 12 व्होल्टचं पाहू. बारा हे बॅटरीचं नाव आहे, तब्येत नाही. आत सहा खाने, म्हणजे सेल, भरलेल्या बॅटरीत प्रत्येकाचे साधारण 2.1 व्होल्ट, म्हणजे बेरीज 12.6 च्या वर. 12.4 दिसले तर ती पाऊण भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी आणि 12.0 म्हणजे जेमतेम पावभर. मेसेज जिला पास करतो ती बॅटरी पाव हिश्श्यावर आलेली असते, आणि तशीच पडून राहिली तर कायमची जाऊ शकते. हे आकडेसुद्धा बॅटरी काही तास निवांत असेल तरच खरे. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी 13 दाखवते, तो वरवरचा फुगवटा. मिनिट-दोन मिनिटं हेडलाइट लावून तो उतरवायचा, थोडं थांबायचं, मग मोजायचं.

पण नुसत्या व्होल्टवर मी कुठलीच बॅटरी पास करत नाही. मागच्या जूनमध्ये कॉलेजच्या गाडीची बॅटरी 12.5 दाखवत होती. चावी फिरवली की ‘टक्’, पुढे काही नाही. मीटरच्या काड्या थेट शिशाच्या खुंट्यांवर धरल्या आणि ऑपरेटरला सेल्फ मारायला सांगितलं. आकडा घसरून आठाच्याही खाली. लोड टेस्टर, म्हणजे बॅटरीवर भार टाकून पाहायचं यंत्र, असेल तर नियम सोपा आहे: बॅटरीवर जो सीसीए (थंडीत इंजिन चालू करताना ती किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) छापलेला असतो त्याच्या निम्मा भार 15 सेकंद द्यायचा, तेवढ्यात व्होल्ट 9.6 च्या खाली जाता कामा नये. मात्र आधी बॅटरी पूर्ण चार्ज केलेली हवी. उपाशी माणसाला पोतं उचलायला लावून कमजोर ठरवण्यात अर्थ नाही.

मग झाकणं उघडून हायड्रोमीटर लावला, म्हणजे आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे ते दाखवणारी नळी. पाच खाने 1.230 च्या आसपास, एक 1.150 वर. खान्याखान्यांत 0.050 पेक्षा जास्त फरक असला आणि चार्ज करूनही तो भरून निघाला नाही, की तो सेल गेला. उन्हाळ्यात वाचताना एक हिशेब लागतो. हायड्रोमीटर 27 अंशांना जुळवलेला असेल तर दर 10 अंश जास्त गरमीला आकड्यात 0.007 मिळवायचे. 42 अंशांना 1.220 दिसले तर ते खरे 1.230 च्या जवळपास असतात. हे न केल्यानं आपल्याकडे मे महिन्यात कित्येक चांगल्या बॅटऱ्या कमजोर ठरतात. सीलबंद बॅटरीत हायड्रोमीटर जातच नाही, तिथे व्होल्ट आणि लोड एवढंच हातात.

आता उलटा किस्सा. त्याच्या आदल्या वर्षी गाडी चालू होईना म्हणून कुणाला न विचारता नवी बॅटरी आणली गेली. ती लावूनही गाडी गप्पच. ऑपरेटर म्हणे, ‘भाऊ, नवी बॅटरीबी मेलेलीच देल्ली ना!’ खरं तर सीटखालच्या स्विचची वायर शेडमधल्या उंदरांनी कुरतडली होती. या गाड्यांत चालक सीटवर आहे, ब्रेक लागलेला आहे, पात्यांचा स्विच बंद आहे, हे सगळं जुळल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. पाती फिरत असताना कुणी खाली उतरू नये म्हणूनच ती सोय असते. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. त्यामुळे सेल्फ अजिबात हूं की चूं करत नसेल, तर बॅटरीआधी मी ते स्विच पाहतो. त्यानंतर टर्मिनल. मीटरची एक काडी खुंटीवर, दुसरी तिच्यावरच्या क्लॅम्पवर धरून सेल्फ मारायचा. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला, तर दोष त्या पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थराचा. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून धुवा, ब्रशनं घासा, कोरडं करा, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचं पाणी खान्यात जाऊ द्यायचं नाही. पाना लावताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. प्लसचा पाना चुकून चेसिसला लागला तरी मग काही होत नाही.

पाना टेकवून ठिणगी पाहण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, हवेत तो 4 टक्के झाला की पेट घेऊ शकतो, आणि आपण नेमकी तिथेच ठिणगी पाडतो. झाकण फुटून ॲसिड डोळ्यात जाऊ शकतं. शिवाय ठिणगी कमजोर बॅटरीही पाडते, म्हणजे एवढा धोका पत्करून कळत काहीच नाही.

चालू इंजिनवर वायर काढायची युक्ती जुन्या डायनामोच्या काळातली आहे, म्हातारे मिस्त्री ती करत आणि बहुधा निभावून जाई. आता चार्जिंगचा भार अचानक तुटला की व्होल्ट एकदम उसळतात. ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात, गवताच्या गाडीचा रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा डबा, जळू शकतो. इंजिनला रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. 13.8 ते 14.5 दिसले की चार्जिंग ठीक. आकडा वाढलाच नाही तर चार्जिंग नाही, 15 च्या वर गेला तर बॅटरी उकळतेय आणि पाणी झपाट्यानं कमी होणार.

मॅग्नेशियम सल्फेटवर मात्र थांबावं लागेल, कारण ते आपल्या घरोघरी असतं. कपाशीवर लाल्या दिसला, म्हणजे पानं लाल पडू लागली, की आपण तेच फवारतो, त्यामुळे मेसेजवर विश्वास पटकन बसतो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि घट्ट होत जातात, दुखणं हे आहे. त्यात आणखी सल्फेट घालून ते खडे विरघळत नाहीत. होतं एवढंच की पाण्यात ती पावडर विरघळून ते जड होतं आणि हायड्रोमीटरचा आकडा चढतो. बॅटरी होती तशीच, वाचन मात्र खोटं. ‘पण माझी चालू झाली ना’ असं सांगणारे भेटतात. त्यांना मी विचारतो, पावडर घातल्यावर काय केलं? उत्तर ठरलेलं: रात्रभर चार्जिंगला लावली. काम चार्जिंगनं केलं, नाव पावडरचं झालं.

ॲसिड घालण्याचंही तसंच. वरण आटलं तर आपण पाणी घालतो, मीठ नाही. बॅटरीतलं उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड ओतलं तर ते तीव्र होऊन पट्ट्या खातं. पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल वॉटर आधी घाला, चार्ज करा, मग खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये वर येऊन सांडतं. आरओचं पाणी प्यायला ठीक, पण त्यात क्षार उरतातच. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला हे सांगायला नको, कुलरच्या जाळीवर दोन महिन्यांत काय साचतं ते पाहिलंय सगळ्यांनी. डिस्टिल वॉटरची बाटली स्वस्त असते.

फरशीचं ऐकलं ते पूर्वी थोडंफार खरं होतं, बॅटऱ्यांची डबडी लाकडाची किंवा कडक रबराची असत तेव्हा. आताच्या प्लास्टिकच्या डबड्यातून फरशी काहीही ओढत नाही. करंट खातं ऊन. दर 10 अंश गरमीला बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. म्हणून आता दिवाळीनंतर मी बॅटरी गाडीतून काढतो आणि कॉलेजच्या स्टोअरच्या थंड खोलीत, चक्क फरशीवर ठेवतो. महिन्यातून एकदा मीटर लावायचा, 12.4 च्या खाली दिसली की हळू चार्जिंग, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यानं. 35 एएचची (अँपिअर-अवर, हीच क्षमता) असेल तर साडेतीन अँपिअर, खिडकी उघडी ठेवून. खरंच गेलेली बॅटरी ॲसिड ओतून भंगारवाल्याला देऊ नका, बांधावर सांडलेलं शिसं तिथेच राहतं. नवी घेताना दुकानदाराला द्या, जुनीचे पैसे वजा होतात.

एवढं सगळं टाइप करून साडूला पाठवलं. संध्याकाळी त्याचा फोन.

‘भाऊ, मी तं किलोभर मॅग्नेशियम आणून ठेवलं. आता त्याचं काय करू?’

म्हटलं, ठेव कोरड्या जागी. कपाशीवर लाल्या दिसला तर फवारजो.