अकरा जणांचं एम.ए.

अकरा ही संख्या क्रिकेटला पुरते, एम.ए.ला पुरत नाही. आमच्या कॉलेजातल्या ‘एम.ए. कम्युनिकेशन स्टडीज’ या विनाअनुदानित अभ्यासक्रमाची प्रवेशक्षमता 30, आणि भरतात अकरा. एखाद्या वर्षी बारावाही येतो, पण तो बी.एड.च्या यादीत नाव लागेपर्यंत टेकलेला असतो. नाव लागलं की कागदपत्रं परत न्यायला येतो आणि जाता जाता ‘विषय मात्र भारी आहे हं मॅडम’ म्हणून माझं सांत्वन करून जातो.

मी या अभ्यासक्रमाची समन्वयक. विभागप्रमुखाची सगळी कामं अधिक विभागाची किल्ली, असं हे पद आहे. बाकीचे अध्यापक तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी. त्यातले एक सर सकाळी शेजारच्या तालुक्यात शिकवतात, दुपारी आमच्याकडे आणि संध्याकाळी स्वतःच्या क्लासमध्ये. संशोधन पद्धतीचा तास ते हेल्मेट काखेत धरूनच सुरू करतात. गेल्या वर्षीच्या तासांचं मानधन या वर्षी जमा झालं तर विभागात पेढे वाटले जातात.

खरी गोम संख्येत आहे. बी.कॉम.ला हजारावर मुलं आहेत. त्यांना जेवढ्या समित्या, जेवढे अहवाल, तेवढेच आम्हाला. प्रत्येक समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी लागतो, त्यामुळे आमच्याकडचा प्रत्येक जण कशाचा ना कशाचा सचिव आहे. साधा सदस्य व्हायला कुणी शिल्लक राहत नाही. रॅगिंगविरोधी समितीची सभा आम्ही दर सत्रात घेतो. दुसऱ्या वर्षाला नऊ जण उरतात, पहिल्याला अकरा असतात. हे संख्याबळ बघता रॅगिंग झालंच तर ते खालून वर होईल, आणि त्याची नोंद कुठल्या रकान्यात करायची हे परिपत्रकात दिलेलं नाही.

मग टक्केवारी. अकरातला एक जण म्हणजे 9.09 टक्के. एक मुलगी पेपरच्या दिवशी तापाने फणफणली की विभागाचा निकाल थेट 90.91 वर. प्राचार्य विचारतात, ‘‘मॅडम, ही घसरण कशामुळे?’’ मी सांगते, ‘‘सर, टायफॉइड.’’ ते म्हणतात, ‘‘मग उपाययोजना काय?’’ आणि मी वहीत लिहून घेते, उकळलेलं पाणी.

शिकवतानाही ही अकराची संख्या पाठ सोडत नाही. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 साली नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर लिहिलं आणि माणसांची वाटणी करून दिली. सर्वांत आधी नवं काही उचलणारे अडीच टक्के, सर्वांत शेवटी रेंगाळणारे 16 टक्के, बाकीचे मधे. अकरांचे अडीच टक्के म्हणजे साधारण पाव विद्यार्थी. हा पाव विद्यार्थी मला अजून सापडलेला नाही. रेंगाळणारे पावणेदोन मात्र नियमित सापडतात. त्यातला पूर्ण एक कोण हे सर्वांना ठाऊक आहे, पाऊण कोण यावर वर्गात एकमत होत नाही.

जूनमध्ये पत्रकं घेऊन मी गावोगावच्या पदवी कॉलेजांत फिरते. मुलं पत्रक घेतात, उलटून मागे काही सूट वगैरे आहे का बघतात. पालक मात्र मुद्द्यावर येतात. एक द्राक्षबागायतदार मुलाला घेऊन आले. म्हणाले, ‘‘ह्ये झाल्यावर नक्की काय व्हतंय?’’ मी यादी म्हटली: वर्तमानपत्र, टीव्ही, रेडिओ, जनसंपर्क, जाहिरात, संशोधन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘म्हंजी नक्की काय न्हाई.’’ मग मुलाकडे बोट करून म्हणाले, ‘‘ह्यो घरात तोंड उघडत न्हाई. ताटात मीठ नसलं तर आईला व्हॉट्सॲप करतोय. ह्याला बोलता करणार असशीला तर फी भरतो.’’ आजवर अभ्यासक्रमाचं उद्दिष्ट इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणी सांगितलेलं नाही. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, लिहिलेली आमची उद्दिष्टं दोन पानी आहेत आणि त्यात मीठ नाही.

कॉलेजच्या लेखी कम्युनिकेशन म्हणजे माइक. माइक खरखरला, प्रोजेक्टरचा पडदा निळा पडला, वाय-फाय गेलं की स्टाफरूममधून आवाज येतो, ‘‘अहो, तुमचाच विषय ना हा?’’ पण त्याहून मोठं काम प्रेसनोटचं. वृक्षारोपण असो की वॉटर कूलरचं उद्घाटन, बातमी आम्हीच पाठवायची. साचा ठरलेला असतो. वर ‘उत्साहात संपन्न’, खाली नावं. संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, खजिनदार, प्राचार्य, दोन्ही उपप्राचार्य आणि ‘आदी मान्यवर’. ‘आदी’मध्ये कुणाला ढकलायचं याचा निर्णय घेताना माझा रक्तदाब वाढतो. एका वर्षी सहसचिव ‘आदी’त गेले, तर पुढच्या खरेदी समितीत विभागाचं कपाट नामंजूर झालं. कपाटाच्या कागदावर कारण ‘निधीअभावी’ असं होतं.

वर्गात मी द्वारपालाचा सिद्धान्त शिकवते. 1950 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डेव्हिड मॅनिंग व्हाइट यांनी अमेरिकेतल्या एका छोट्या दैनिकाच्या उपसंपादकाला ‘मिस्टर गेट्स’ असं टोपणनाव देऊन, आठवडाभर त्याने कुठल्या बातम्या टाकून दिल्या आणि का, हे त्याच्याकडूनच लिहून घेतलं. वृत्तसंस्थांकडून आलेल्या मजकुराचा दहातला नऊ हिस्सा त्याने कापला होता. आमच्या गावचे मिस्टर गेट्स मला चांगले माहीत आहेत. ते नावं ठेवतात आणि बाकी कापतात. एकदा माध्यमसाक्षरतेवर आमच्याकडे दोन तास व्याख्यान रंगलं. छापून आलेल्या बातमीत विषय नव्हता, वक्ताही नव्हता. खजिनदार मात्र होते, जे त्या दिवशी गावातच नव्हते. मला त्यात काही वावगं वाटत नाही. वक्ता त्या दिवशीचा अंक विकत घेणार नव्हता. खजिनदारांनी पंचवीस घेतले.

व्याख्यानाला श्रोते जमवणं हा वेगळा कुटाणा. मंचावर सात जण आणि समोर अकरा, असा जिओ-टॅग केलेला फोटो नॅकला कसा दाखवायचा? म्हणून बी.कॉम.चा एक वर्ग उसना आणतो. फोटोत सभागृह भरलेलं, खाली अक्षांश-रेखांश, वेळ, तारीख. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारल्यावर जी शांतता पसरते ती बघून मला दर वेळी एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांच्या 1974 सालच्या ‘मौनाच्या आवर्ता’ची आठवण येते. त्यांच्या मते आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणूस गप्प बसतो. आमच्याकडे मत एकच असतं, ते बहुमतातलं असतं, आणि अखेरीस मागच्या रांगेतला बी.कॉम.चा मुलगा उठून ते मांडतोच: ‘‘सर, सर्टिफिकेट आज मिळणार का?’’

6 जानेवारीचं तर विचारूच नका. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली या दिवशी ‘दर्पण’ सुरू केलं, म्हणून हा पत्रकार दिन. आम्हाला प्रमुख पाहुणे म्हणून पत्रकार हवा असतो आणि त्या दिवशी तालुक्यातला प्रत्येक पत्रकार पाच ठिकाणी सत्कार घेत फिरत असतो. पोलीस ठाणे, पंचायत समिती, पतसंस्था, साखर कारखाना, मग आम्ही. आमच्याकडे येईपर्यंत त्यांच्या गाडीत शाली आणि श्रीफळं मावत नाहीत. गेल्या खेपेला पाहुण्यांनी आमचं श्रीफळ तिथल्या तिथे आमच्या शिपाईमामांना दिलं. दिवसभरात एवढीच एक वस्तू योग्य हाती पोचली.

सकाळी खोल्या ज्युनिअर कॉलेजकडे असतात, म्हणून आमचे तास दुपारी तीन ते सहा. पहिल्या सत्रात क्लॉड शॅनन येतो, म्हणजे ऑगस्टमध्ये. टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या या गणितज्ञाने 1948 साली संदेशाच्या वाटेत येणाऱ्या गोंगाटाचा हिशेब मांडला. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या मैदानावर गणपतीसाठी ढोलपथकाचा सराव लागतो, रोज पाचला. मी फळ्यावर ‘स्रोत’ लिहिते आणि बाहेर पहिला ठोका पडतो. मग मी बोलते, मुलं ओठांकडे बघून लिहितात. याचा एक फायदा झाला. परीक्षेत गोंगाटाचं उदाहरण अकराही जणांनी एकच लिहिलं आणि बाहेरच्या परीक्षकांना सामूहिक कॉपीचा संशय आला.

सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांचा अभिप्राय. गुप्त. गूगल फॉर्मवर नाव विचारत नाहीत. पण अकरा जणांत गुप्त काय राहणार? ‘मॅम’ म्हणणारी एकच आहे. प्रत्येक वाक्यानंतर तीन उद्गारचिन्हं देणारा एकच आहे. ‘सर छान शिकवतात पण घड्याळ बघतात’ हे कुणी लिहिलं ते सरांनी हेल्मेट न काढता ओळखलं. त्यावर ‘केलेल्या कार्यवाहीचा अहवाल’ द्यायचा असतो. आम्ही वर्गातलं घड्याळ मागच्या भिंतीवर लावलं. आता सर समोर बघून शिकवतात, असाही अभिप्राय आला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांची 88 क्रेडिट. त्यातली चार ओजेटीची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी 120 तास. एक मुलगी स्थानिक साप्ताहिकात गेली. तिथे संपादक, मुद्रक, प्रकाशक आणि मालक एकच. त्यांनी तिला वर्धापनदिन विशेषांकाच्या जाहिरातींचे थकलेले पैसे आणायला पाठवलं. तोंडी परीक्षेत विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, ‘‘मॅम, समोरचा देणार आहे का नाही, ते त्याने चहा मागवला की कळतं. चहा मागवला म्हणजे देणार नाही.’’ अशाब्दिक संज्ञापनावर, म्हणजे न बोलता होणाऱ्या संवादावर, इतकं नेमकं वाक्य मला आमच्या ग्रंथालयात सापडलेलं नाही. मी तिला पैकीच्या पैकी देऊन टाकले.

नोकरीच्या टक्केवारीचं दुखणं वेगळंच. एका बॅचमधला एक जण पोल्ट्री बघतो आणि कोंबड्यांच्या आजारांवर रील्स करतो. पंचक्रोशी त्याच्या रील्स बघते, औषधवाले जाहिराती देतात. आमच्या सर्वांत यशस्वी माजी विद्यार्थ्यांपैकी तो एक. पण आयक्यूएसीला, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीला, पुरावा हवा: नियुक्तिपत्र. मी त्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी त्याने लेटरहेडवर पत्र पाठवलं. ‘आपली या पोल्ट्री फार्मवर माध्यम प्रमुख म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.’ खाली मालक म्हणून त्याची सही. त्याखाली ‘अटी मान्य’ म्हणून पुन्हा त्याचीच. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि परिणाम काय, हा हॅरल्ड लासवेल यांचा 1948 सालचा प्रश्न मी वर्षानुवर्षं शिकवते आहे. तो इतका आटोपशीर सुटलेला मी पहिल्यांदाच पाहिला. समितीने पत्र स्वीकारलं. फक्त परिविक्षा कालावधी किती, असा शेरा मारला.

मधे वर्गातल्याच एका मुलीचं लग्न निघालं. उरलेले दहा जण जाणार, म्हणजे हजेरी शून्य. मग मीही गेले. लग्नानंतर रात्री त्यांच्या घरी गोंधळ होता आणि आमच्या अभ्यासक्रमात लोकमाध्यमांचा घटक आहे, त्यामुळे क्षेत्रभेट आपोआप घडली. पण खरं सांगते, त्या रात्री आमच्यातल्या कुणाचाही हात मोबाइलकडे गेला नाही. संबळ तापवून गोंधळ्याने तुळजापूरच्या, कोल्हापूरच्या, जेजुरीच्या देवांना आवतण दिलं आणि कथा धरली. माइक नाही. अंगणात दोनेकशे माणसं, निम्मी दमलेली. पुढे बसलेले नवरीचे मामा पेंगायला लागले. त्याने कथा न तोडता राजाच्या दरबारातल्या पहारेकऱ्याला मामांचं नाव दिलं आणि तो पहाऱ्यावर झोपला म्हणून राजाकडून त्याची अशी हजामत केली, की अख्खं अंगण खदखदलं आणि मामा पहाटेपर्यंत टक्क जागे राहिले. वर दक्षिणाही त्यांनीच सर्वांत जास्त घातली. माझ्या शेजारी तो मिठाचा मुलगा बसला होता. हळूच म्हणाला, ‘‘मॅडम, यांना नेट-सेट लागत नाही?’’ प्राध्यापक व्हायला ती परीक्षा लागते. मी चौकशी केली. नियमाप्रमाणे त्यांना पाहुणे व्याख्याते म्हणून बोलवता येतं, मानधनाच्या बिलाला मात्र पॅनकार्ड आणि बायोडेटा जोडावा लागतो.

प्रबंधांबद्दल फार बोलत नाही. अकरातले आठ विषय ‘सोशल मीडियाचा तरुणाईवर होणारा परिणाम’ हेच असतात, फक्त तालुका बदलतो. प्रश्नावल्या ते एकमेकांच्या भरतात. निष्कर्ष असा की सोशल मीडियाचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत. अलीकडे सगळ्यांची भाषा अचानक गुळगुळीत झाली आहे आणि प्रत्येक प्रकरण ‘आजच्या वेगवान डिजिटल युगात’ असं सुरू होतं. ऋणनिर्देश तेवढा अजून हाताने लिहितात, तो मी आवडीने वाचते.

परवा संस्थेचं पत्र आलं: विभागातील प्रवेशसंख्या कमी असण्याची कारणमीमांसा तीन प्रतींत, उद्या पाचपर्यंत. मी सरळ लिहिलं, ‘अभ्यासक्रमाची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही.’ प्राचार्यांनी चष्मा काढला. ‘‘मॅडम, हे कम्युनिकेशन विभाग लिहून देणार?’’ मग आम्ही दुसरं कारण शोधत बसलो. बी.एड.कडे मुलं जातात म्हणावं, तर ते बी.एड. कॉलेज संस्थेचंच. फी जास्त आहे म्हणावं, तर ती सचिवांनी ठरवलेली. नोकऱ्या नाहीत म्हणावं, तर पोल्ट्रीचं नियुक्तिपत्र आडवं येतं. शेवटी हेडक्लार्क भाऊसाहेब कागदातून मान वर न करता म्हणाले, ‘‘पाऊस लिहा.’’ त्यांनी कपाटातून जुनी फाइल काढली. माझ्या आधीच्या समन्वयकांनीही पाऊसच लिहिला होता. एका वर्षी अतिवृष्टी, दुसऱ्या वर्षी अवर्षण, आणि दोन्ही पत्रांवर संस्थेचा शेरा होता, ‘कारण समाधानकारक’. भाऊसाहेबांनी खिडकीतून बाहेर बघून यंदा कुठलं ते ठरवलं, जावक क्रमांक टाकला आणि मला सही करायला सांगितलं.